फाटकाला टेकवलेला स्पीकर

डीजेचं सामान घ्यायचंय का कुणाला? एक मिक्सर, दोन मोठे स्पीकर, त्यांचे स्टँड आणि ते नाचणारे दिवे. कोपऱ्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. माझ्या तळघरात पडलंय, आंबट कोबीचं पिंप आणि मिरच्यांच्या बरण्या यांच्या मधोमध. एकदाच वाजलंय, तेही धड नाही. येऊन बघा, हात लावून बघा, पण भाव करताना माझं डोकं फिरवू नका. काल एक दाढीवाला आला होता, समुद्रकाठच्या कुठल्याशा बारचा. म्हणाला, "काकू, वापरलेला माल आहे, निम्म्यात द्या."

मी म्हटलं, "बाळा, निम्म्यात दिला तर आमच्या पोराचा लॅपटॉपही निम्माच येईल. नुसतं झाकण घेऊन पाठवू का त्याला राजधानीत, सोफियाला?"

गेला हसत. ऑक्टोबरात पोराचं कॉलेज सुरू होतंय, आणि हे धूड अजून माझ्या कोबीशेजारी बसलंय.

आमचं पोर म्हणजे माझा भाचा, दोब्रिन. माझ्या धाकट्या भावाचा, वेंत्सीचा मुलगा. सहा वर्षांचा होता तेव्हा त्याची आई गेली, तेव्हापासून आम्हा तिघांची चूल एकच. मी पहाटे बेकरीत बानित्सा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या वळकट्या, भाजते, वेंत्सी इथेच यांबोलमध्ये गावातली बस चालवतो. लग्न मी केलं नाही. का केलं नाही ते विचारू नका, तो वेगळा विषय आहे. वेंत्सीने आणि मी मिळून दोब्रिनच्या बारावीच्या निरोपासाठी म्हणून थोडंथोडं बाजूला टाकलं होतं.

आमच्याकडे बारावीचा निरोप म्हणजे लग्नाच्या वरताण. संध्याकाळी पोरांचा मेजवानीचा नाच असतो, पण खरा थाट त्याआधी दुपारचा, घरासमोर. नातेवाईक जमतात, गल्ली जमते, ढोल-सनई वाजते, हातात हात घालून होरो नाचला जातो. मग पोरगं सुटाबुटात बाहेर येतं, उंबरठ्यावर ठेवलेली पाण्याची तांब्याची घागर पायाने लवंडतं, पाणी वाहत जातं तसं नशीब वाहू दे म्हणायचं, आणि सगळ्या गल्लीच्या देखत चालत निघतं. ते चालत निघणं बघायलाच सगळे जमलेले असतात.

पैसे एकाच गोष्टीपुरते होते. एक तर दोब्रिनचा लॅपटॉप, नाहीतर वेंत्सीचा डीजे. बरोबर ऐकलंत, वेंत्सीचा. ऐकणाऱ्याला वाटतं पोरानेच डीजेचा हट्ट धरला असेल आणि बापाने अक्कल शिकवली असेल. कुठलं काय! पोरगं तेराव्या वर्षी एकदा म्हणालं होतं, मी डीजे होणार. शाळेच्या अंगणात दोनचारदा गाणी लावलीही होती त्याने. तेराव्या वर्षी पोरं काय वाट्टेल ते म्हणतात. वेंत्सी म्हणायचा मी विमान चालवणार, चालवतोय तीन नंबरची बस. पण बापाने ते एक वाक्य धरून ठेवलं ते धरूनच ठेवलं.

मधल्या काळात पोरगं चित्रं काढायला लागलं होतं. घरांची. आमच्या समोरच मेतोदी सर राहायचे, तांत्रिक शाळेत आयुष्यभर ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. दोन हिवाळे त्यांनी दोब्रिनला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून शिकवलं. एक छदाम घेतला नाही. मी बानित्साचं ताट पाठवायची, तर ताट अक्रोडांनी भरून परत यायचं. मार्चमध्ये सोफियाच्या कॉलेजातली चित्रांची परीक्षा पोरगं पास झालं, तेव्हा सर रस्त्यात टोपी काढून त्याच्यापुढे वाकले होते. चेष्टेनेच, पण डोळे भरले होते त्यांचे. एप्रिलच्या शेवटी सर झोपेतच गेले.

दोब्रिनचा जुना लॅपटॉप म्हणजे नुसती थट्टा. सुरू करायला ठेवावा आणि कॉफी करून, पिऊन, कप धुऊन यावं. घराचं चित्र उघडलं की पंखा असा घरघरायचा, मला वाटायचं गच्चीवर हेलिकॉप्टर उतरतंय.

तर एका रविवारी, शेंगांचं सूप पुढ्यात असताना, वेंत्सीने फोन टेबलावर ठेवला. त्यात या स्पीकरांचा फोटो.

"बघ ताई," म्हणाला, "वाजंत्री बोलावली तर दोन तास वाजवतील, खातील, पितील आणि जातील. हे घरात राहील. उन्हाळाभर पोरगं समुद्रावर वाजवेल, चार पैसे कमवेल, मग घेईल ना लॅपटॉप. आणि निरोपाला असं वाजेल, असं वाजेल, की नदीपलीकडच्या लोकांनी विचारलं पाहिजे, कुणाचा पोरगा निघालाय म्हणून."

"आणि कॉलेजात काय, स्पीकरवर चित्रं काढायची?" मी विचारलं.

"अगं, पण लॅपटॉप म्हणजे काय गं? मिटला की तुझ्या पोळपाटाएवढा! गल्लीला काय दिसणार? पोराच्या निरोपाला काय मी लॅपटॉप डोक्यावर धरून नाचू?"

मला हसू आलं, मेलं. हसायला नको होतं. दोब्रिन सुपात पाव बुडवत होता. बापाने विचारलं, "तू बोल रे. तुझंच आहे सगळं."

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," तो म्हणाला.

हे पोरगं लहानपणापासून असंच आहे. आई नसलेली पोरं लवकर शहाणी होतात आणि मग कधीच काही मागत नाहीत. त्याने मागितलं असतं तर मी वेंत्सीशी भांडले असते, टेबलावर हात आपटला असता. पण तो पाव बुडवत राहिला, आणि त्याच्या बापाचा चेहरा असा उजळला की माझाही धीर झाला नाही.

आणि खरं सांगू? मला भावाचंही कळत होतं. सत्त्याण्णव साली तो बारावी झाला. त्या वर्षी आमच्या देशात पिशवीभर नोटा नेल्या तर मूठभर पाव यायचा. निरोपाला चुलतभावाचा सूट, बाह्या मनगटाच्या वरच थांबलेल्या. वाजंत्री नाही, पाहुणे नाहीत. तांब्याची घागर आईने हिवाळ्यातच विकली होती, म्हणून उंबरठ्यावर चहाची किटली ठेवली तिने. वेंत्सीने किटलीला पाय लावला, ती खणखणत गेली गटारात, आणि तो एकटाच चढावर चालत गेला. एकाही घराची खिडकी उघडली नाही. मी दारात उभी राहून एकेक खिडकी बघत होते की कुणीतरी उघडेल. त्याने वळून पाहिलं नाही, पण त्यालाही ते कळलं होतं. म्हणून या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्याच्या पोराला निघताना अख्ख्या गल्लीने बघायला हवं होतं.

डीजे आला. खोकी उघडताना वेंत्सी लहान पोरासारखा गुडघ्यांवर बसला होता.

मी एकच गोष्ट विचारली. "मिकाकाकूला विचारलंस ना?" मिकाकाकू म्हणजे मेतोदी सरांची बायको. सरांना जाऊन अजून दुखवट्याचे चाळीस दिवस झाले नव्हते. अशा वेळी समोरच्या दारात गाणं लावायचं तर आधी जाऊन विचारायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी नाही म्हणत नाही. पण विचारायचं. रिकाम्या हाताने नाही, एक पाव घेऊन जायचं, दारात उभं राहून विचारायचं, मग ती बाई डोळे पुसते आणि म्हणते, वाजवा.

"विचारलं," वेंत्सी म्हणाला, वायरी सोडवता सोडवता. "वाजवा म्हणाली."

निरोपाच्या दिवशी दुपारी त्याचे दोन ड्रायव्हर मित्र आले, सामान मांडायला. आमची गल्ली उताराची. एक स्पीकर आमच्या दाराशी बसला, दुसरा कुठेच सरळ उभा राहीना. सपाट जागा एकच, मिकाकाकूच्या फाटकापुढची. तिथे नेऊन ठेवला, आणि कलंडू नये म्हणून फाटकाला टेकवला. त्या फाटकावर सरांच्या मृत्यूचं पत्रक होतं, फोटोसकट. आमच्याकडे दारावर, झाडावर, बसथांब्यावर लावतात तसं. स्पीकरमागे ते पूर्ण झाकलं गेलं.

"अरे, सरांचा कागद!" मी ओरडले.

"ताई, फोटो काढायचेत सगळे," वेंत्सी म्हणाला. "पोराच्या निरोपाच्या फोटोत दुखवट्याचा कागद येऊ दे का? तासा-दोन तासांचा तर प्रश्न आहे. आणि काकू घरात नाहीच, खिडक्या बंद आहेत बघ."

खिडक्या खरंच बंद होत्या. माझी बानित्सा भट्टीत होती, करपायला आली होती. मी आत गेले.

आणि मग वाजलं हो! त्याला जसं हवं होतं तसंच वाजलं. खिडक्यांची तावदानं थरथरत होती, टेबलावरच्या रकिया दारूच्या पेल्यांत लाटा उठत होत्या. खालच्या गल्लीतली माणसं वर आली. शेजारच्या ज्या टोंचोने आठवड्यापूर्वी लेकीच्या निरोपाला घोडागाडी आणली होती, तो टोंचोसुद्धा आला आणि कानाशी ओरडला, "गिंका, छातीत धडधडतंय गं!" मी पदर खोचला, म्हणजे आपलं एप्रन, आणि रुमाल फिरवत होरोच्या पुढे झाले. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात माझे, पण नाचले. भाऊ मिक्सरपाशी उभा होता, नुसता उभा. त्यातलं एक बटण त्याला कळत नव्हतं, गाणी दोब्रिनने आधीच ओळीने लावून दिली होती. पण उभा असा होता की जणू विमान चालवतोय.

नाचत नाचत रांग मिकाकाकूच्या घरापाशी वळली तेव्हा मला दिसलं की फाटक हलतंय. जरा पुढे येत होतं आणि स्पीकरवर आपटून मागे जात होतं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एवढ्या आवाजात ऐकू काहीच येत नव्हतं. आमच्या गल्लीतली सगळी फाटकं बाहेर उघडतात. आतून कुणीतरी ढकलत होतं.

मी रुमाल खाली टाकला. रांग माझ्या पाठीवर आदळली. "बंद कर!" मी ओरडले, "वेंत्सी, बंद कर ते!" त्याला बटण सापडेना. दोब्रिन घरातून धावत आला, नव्या सुटात, एका हाताने टाय धरून, आणि त्याने एकदम सगळं थांबवलं. तेव्हा आतून आवाज आला, शांत, म्हाताऱ्या बाईचा.

"वेंत्सी, अरे दार उघडत नाहीये."

धरणी दुभंगून मला पोटात घेती तर मी वाटेत कोबीचं पिंपही बरोबर नेलं नसतं, इतक्या घाईने गेले असते. वेंत्सीने धावत जाऊन एकट्यानेच स्पीकर ओढला. घाईत उचलला नाही, ओढला. त्याच्या कोपऱ्याला पत्रक अडकलं आणि टर्रकन अर्धं सुटून खाली लोंबलं. सरांचा चेहरा मधोमध चुरगळला.

मिकाकाकू बाहेर आली. काळे कपडे, काळा रुमाल. घरातच होती ती. खिडक्या बंद करून बसली होती. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तिने लोंबणाऱ्या पत्रकाकडे पाहिलं, मग दोब्रिनकडे पाहिलं आणि हसली.

"किती उंच दिसतोयस रे सुटात," ती म्हणाली. "घे. हे माझं नाही, ह्यांचं आहे. ह्यांनी जानेवारीतच आणून ठेवलंय. मला बजावलं होतं, निरोपाच्या दिवशीच दे म्हणून."

दोब्रिनने कागद सोडला. बॅग होती. लॅपटॉपची. गडद हिरवी, आतून मऊ अस्तराची, ड्रॉइंगच्या पट्ट्या ठेवायला बाजूला लांब कप्पा. आमच्या गल्लीत कुणाकडेच अशी बॅग नव्हती.

"मापाची आणलीय," मिकाकाकू म्हणाली. "ह्यांनी कागदावर लिहून दिलं होतं ना तुझ्या बाबांना, कुठला लॅपटॉप चित्रांना चांगला ते. वेंत्सीने कुंपणापाशी हात हातात घेऊन शब्द दिला होता, सर, तोच घेणार. त्या मापाची. हे किती दिवस दुकानं पालथी घालत होते." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "कुठंय रे तो? एकदा घालून दाखव बॅगेत. उद्या कबरीवर जायचंय, सांगते त्यांना की बरोब्बर बसतो म्हणून."

वेंत्सीने असा शब्द दिल्याचं मला काही माहीत नव्हतं. आत्ता, त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं की "विचारलं" म्हणाला ते खोटं होतं, आणि माझा भाऊ तिला विचारायला का गेला नाही. कुठल्या तोंडाने गेला असता?

टोंचो आपल्या बुटांकडे बघत होता. लाजेने माणूस लाल होतो म्हणतात, वेंत्सी पांढरा पडला होता.

"दुकानातच आहे, काकू," दोब्रिन म्हणाला. "चित्रांचे प्रोग्रॅम घालायला दिलाय. दोन दिवसांनी मिळेल. आणला की पहिल्यांदा तुम्हाला दाखवायला येतो."

हे पोरगं कधी खोटं बोललं नव्हतं हो. लहानपणी अंडं फोडलं तरी येऊन सांगायचं. आणि आता किती सहज बोललं, बापाकडे न बघता. बापासाठी बोलला तो. मला ते ऐकवेना.

मिकाकाकूने नव्याकोऱ्या स्पीकरकडे पाहिलं, त्याच्या कोपऱ्यावरच्या प्लॅस्टिककडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं. चाळीस वर्षं मास्तराच्या घरात काढलेली बाई, तिला काय कळायचं राहिलं? पण म्हणाली, "बरं बरं. चांगलं केलंस." आणि मग वेंत्सीकडे वळून, अगदी हळू, "आधी सांगितलं असतंस तर खिडक्या उघड्या ठेवल्या असत्या रे मी."

तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. मी देवाला विनवत होते की हिने चार शिव्या द्याव्यात, चप्पल उगारावी. म्हणजे आम्हाला माफी तरी मागता आली असती.

वेंत्सी फाटकापाशी गेला. लोंबणारं पत्रक त्याने वर धरलं आणि तळहाताने सारखं करायला लागला. चिकटपट्टी सुटली होती, कागद राहीना. हात काढला की खाली यायचा. तो पुन्हा धरायचा, पुन्हा सरांच्या कपाळावरून, गालावरून हात फिरवायचा. सगळी गल्ली बघत होती. कुणी हलेना. शेवटी मी माझ्या केसांतली पिन काढून दिली, ती त्याने फाटकाच्या फटीत खोचली, तेव्हा कुठे कागद राहिला. वाकडाच राहिला.

"गाणं का थांबवलंत?" मिकाकाकू म्हणाली. "पोरगं रोज रोज निघत नाही. वाजवा. फक्त ते खोकं जरा बाजूला असू दे, म्हणजे ह्यांनाही दिसेल."

दोब्रिनने गाणं लावलं, बारीक आवाजात. कुणी नाचलं नाही. मी घागर उंबरठ्यावर ठेवली, खरी तांब्याची, पाण्यात जर्बराची दोन फुलं. हीसुद्धा वेंत्सीनेच शोधून आणली होती, किती वर्षांपूर्वी. दोब्रिनने पायाने घागर लवंडली, पाणी उतारावरून धावत गेलं. मग त्याने माझ्या गालाचा मुका घेतला, मिकाकाकूच्या हाताचा घेतला, बापाला मिठी मारली. वेंत्सीचे हात मिठीत वर आलेच नाहीत, तसेच लोंबत राहिले. मग पोराने ती हिरवी बॅग खांद्याला लावली, सुटावर, मेजवानीच्या नाचाला निघालेला असून, आणि चढावर चालायला लागला. वळणावर त्याच्या मित्रांची गाडी थांबली होती. आमच्याकडची बारावीची पोरं ओरडतात तशी तीही ओरडत होती, एक, दोन, तीन, करत बारापर्यंत.

वारा सुटला होता. रिकामी बॅग त्याच्या पाठीवर फडफडत होती, पावला-पावलाला चपटी होऊन त्याच्या अंगाला चिकटत होती. आणि गल्ली मात्र सगळी बाहेर उभी होती. टोंचो, खालच्या गल्लीतले, ड्रायव्हर मित्र, मिकाकाकू आपल्या फाटकात. वरच्या खिडक्यासुद्धा उघडल्या होत्या, एकूण एक.

वेंत्सी माझ्या शेजारी उभा होता, वाहून गेलेल्या पाण्याच्या ओघळाकडे बघत.

"ताई," तो म्हणाला, "लांबून कळत नाही ना गं, रिकामी आहे ते?"

"नाही रे," मी म्हटलं. "किती छान चाललाय बघ तरी. सगळे त्याच्याकडेच बघतायत. अरे बघ ना."

दोब्रिनने वळणावर मागे वळून हात केला. सगळ्यांनी हात केले. माझ्या भावाने मान वर केली नाही.